रांजण नाणेघाटातला आणि दर चार्जिंगचा

जुन्नरहून घाटघरच्या वाटेने नाणेघाटात गेले की घाटमाथ्यावर एक दगडी रांजण दिसतो. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून निघालेला माल याच घाटाने चढून जुन्नरच्या पेठेत येत असे. त्या मालावरची जकात या रांजणात जमा होई, अशी परंपरागत समजूत आहे. इतिहाससंशोधक यावर काय म्हणायचे ते म्हणोत, पण त्या समजुतीत एक व्यवहारज्ञान आहे. वाटसरूकडून जे घ्यायचे ते उघड्यावर आणि चारचौघांदेखत घेतले पाहिजे, हे ते ज्ञान होय. दोन हजार वर्षांनंतर त्याच मुलखात विजेवर चालणारी मोटार घेऊन येणाऱ्या प्रवाशाला मात्र आपण युनिटमागे किती पैसे मोजणार आहोत हे कळण्यासाठी आधी भ्रमणध्वनीवर एक अ‍ॅप उतरवून घ्यावे लागते, त्यात आगाऊ रक्कम भरावी लागते आणि मग दर दिसतो. पुढच्या केंद्रावर अ‍ॅप वेगळे आणि दरही वेगळा.

एका स्नेह्यांच्या गाडीतून लेण्याद्रीला जाताना हा अनुभव आम्ही स्वतः घेतला. शंभर-सव्वाशे रुपयांच्या विजेसाठी पाचशे रुपये आगाऊ भरावे लागले. उरलेले पैसे त्या कंपनीच्या खात्यात अजून तसेच पडून आहेत. रक्कम क्षुल्लक आहे. परंतु पेट्रोल पंपावर असा प्रकार घडला असता तर गिऱ्हाइकाने तो खपवून घेतला असता काय?

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत आजही रेल्वे नाही. जे काही येते-जाते ते पुणे-नाशिक महामार्गाने, माळशेज घाटाने किंवा मंचर-घोडेगाव-डिंभे मार्गे भीमाशंकरच्या रस्त्याने. शिवनेरी, अष्टविनायकांपैकी ओझर आणि लेण्याद्री, ज्योतिर्लिंग भीमाशंकर अशी स्थाने या पट्ट्यात असल्याने शनिवार-रविवारी व सणासुदीला पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रीघ लागते. २०१८ साली राज्य शासनाने जुन्नरला विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला, तोही याच कारणाने. या रांगांत विजेच्या गाड्यांची संख्या दरवर्षी वाढताना कोणालाही दिसते. महामार्गावरील काही पेट्रोल पंपांच्या आणि हॉटेलांच्या आवारात चार्जिंगची यंत्रे उभी राहिली आहेत, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तथापि त्या यंत्रांतून मिळणारी वीज नेमकी कोणाला परवडते, हा प्रश्न पुरेशा गांभीर्याने विचारला जात नाही.

थोडा हिशेब मांडू. जलद चार्जिंगच्या सार्वजनिक केंद्रांवर सर्वसाधारणपणे युनिटला अठरा ते पंचवीस रुपये आकारले जातात. आपण वीस धरू. त्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर लागला की तेवीस रुपये साठ पैसे होतात. महामार्गावर मध्यम आकाराची गाडी एका युनिटमध्ये सुमारे सहा किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला जवळजवळ चार रुपये पडले. २०२५ साली पुण्यात पेट्रोल लिटरला १०४ रुपयांच्या आसपास होते. लिटरला सोळा किलोमीटर धरले तर पेट्रोलच्या गाडीला साडेसहा रुपये पडतात. इथवर विजेची सरशी आहे. परंतु किलोला नव्वद रुपयांच्या आसपास असलेल्या सीएनजीवर किलोला तेवीस किलोमीटर धावणाऱ्या गाडीचा खर्चही किलोमीटरला चार रुपयेच येतो. विजेच्या गाडीची मूळ किंमत अधिक असते, हे इथे विसरता येणार नाही.

घरी चार्जिंग केले तर चित्र पालटते. शंभर युनिटांपुढचे चढे टप्पे आणि सोळा टक्के वीज शुल्क धरूनही घरगुती मीटरवर युनिटला बारा ते सोळा रुपये पडतात. छतावर सौर पॅनेल असेल तर खर्च आणखी उतरतो. २०२४ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. पुण्यातील कोथरूडचे किंवा चिंचवडचे एखादे कुटुंब रात्री घरीच गाडी पूर्ण चार्ज करून सकाळी भीमाशंकरला निघते आणि परतताना मंचरला बारा-पंधरा युनिट भरून घेते. त्याचे फारसे बिघडत नाही. तीनशे-साडेतीनशे रुपये जातात, चहा-नाश्ता होतो आणि मंडळी घरी पोहोचतात.

आता दुसऱ्या माणसाकडे पाहू. नारायणगाव वा घोडेगाव येथे राहणारा आणि प्रवासी गाडी चालवून संसार करणारा एक तरुण, जो दिवसाला दोनशे किलोमीटर गाडी फिरवतो. त्याला रोज सुमारे तेहतीस युनिट लागतील. घरच्या साध्या जोडणीवर एवढे चार्जिंग व्हायला दहा तास हवेत, मंजूर भार वाढवून घ्यायला हवा, रात्रभर वीज टिकायला हवी आणि गाडी लावायला स्वतःची जागाही हवी. यातले एक जरी नसेल तरी त्याला महामार्गावरच्या यंत्रापुढे उभे राहावे लागते. तिथे त्याचे रोज ७८० रुपयांच्या आसपास जातील. घरी हेच काम युनिटला चौदा रुपये धरून ४६० च्या घरात झाले असते. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर फरक आठ हजारांचा पडतो आणि सीएनजीवरही त्याला रोज साधारण ७८० रुपयेच लागतात. मग त्याने सीएनजी सोडून कर्जाचा मोठा हप्ता गळ्यात का बांधून घ्यावा? ज्याच्याकडे बंगला व छत आहे त्याला वीज स्वस्त, आणि ज्याचे पोट गाडीवर आहे त्याला ती महाग, अशी ही उफराटी रचना आहे. ती मुद्दाम कोणी केलेली नाही, हे खरे. पण दुर्लक्षातून झालेला अन्यायही अन्यायच असतो.

केंद्रचालक नफेखोर आहेत, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. वस्तुस्थिती तशी नाही. यंत्र, रोहित्र, वाहिनी, जागेचे भाडे, देखभाल हा खर्च गाड्या येवोत न येवोत चालूच राहतो. समजा, हा स्थिर खर्च महिन्याला पंधरा हजार आहे. दिवसाला पन्नास युनिट खपले तर प्रत्येक युनिटवर दहा रुपयांचा बोजा पडतो, दोनशे खपले तर केवळ अडीच रुपयांचा. जुन्नर-आंबेगावसारख्या भागात रविवारी यंत्रापुढे रांग आणि मंगळवारी शुकशुकाट अशी स्थिती असल्यावर दर खाली येणार कसा? तो खाली यायचा असेल तर आठवड्याचे सातही दिवस वीज घेणारे स्थानिक गिऱ्हाईक हवे. ते गिऱ्हाईक म्हणजे वर सांगितलेला प्रवासी गाडीवाला, भाजीपाल्याचा टेम्पोवाला, शाळेची गाडी चालवणारा. नेमक्या याच माणसाला आजचा दर दूर लोटतो आणि तो दूर राहिल्याने दर चढा राहतो. हे चक्र बाजार आपण होऊन तोडील, अशी आशा आम्हाला वाटत नाही.

शासनाच्या हाती यात काही नाही असे नाही. एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने खुलासा केला की वाहनाचे चार्जिंग ही विजेची विक्री नसून सेवा आहे, त्यामुळे त्यासाठी वीज कायद्याखालील परवाना लागणार नाही. निर्णय दूरदृष्टीचा होता. कोणत्याही गावात कोणालाही केंद्र उघडण्याची वाट त्याने मोकळी केली. पण 'सेवा' हा शब्द आला आणि त्याच्या पाठोपाठ सेवेवरचा कर आला. घरात वापरलेल्या विजेवर वस्तू व सेवा कर नाही. विजेची गाडी विकत घेताना तो पाच टक्के आहे. त्याच गाडीत सार्वजनिक केंद्रावर भरलेल्या विजेवर मात्र तो अठरा टक्के. घरी चार्जिंग करणाऱ्याला हा कर कधी द्यावाच लागत नाही, तो द्यावा लागतो ज्याला घरी सोय नाही त्याला. हा दर पाच टक्क्यांवर आणला तर आपल्या उदाहरणातल्या तरुणाचे रोजचे पंच्याऐंशी रुपये वाचतील. वस्तू व सेवा कर परिषदेत महाराष्ट्राने हा विषय आग्रहाने मांडावा.

दुसरा मुद्दा वेळेचा. सप्टेंबर २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी असे सुचवले आहे की चार्जिंग केंद्रांना सकाळी नऊ ते दुपारी चार या उन्हाच्या वेळेत वीज सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट दराने आणि अन्य वेळी १.३ पट दराने मिळावी. अंतिम दर ठरवण्याचा अधिकार राज्य वीज नियामक आयोगाचा, हे खरे. परंतु दिवसाची वीज स्वस्त, हे तत्त्व आता सर्वमान्य झाले आहे. केंद्राला दुपारी स्वस्त मिळालेली वीज गाडीवाल्यालाही दुपारी स्वस्त मिळते काय, हे कोणी तपासत नाही. केंद्रावर दोन्ही वेळांचे दर, करासहित, मराठीत, पेट्रोल पंपासारख्या ठळक फलकावर लावणे बंधनकारक करायला फार मोठा खर्च येत नाही.

दिवसाच्या विजेचा विषय निघाला की या दोन तालुक्यांत लगेच बिबट्या आठवतो. जुन्नर वनविभागातील उसाच्या शेतांत बिबट्यांचा वावर आहे आणि कृषिपंपांची वीज पाळीपाळीने रात्री येत असल्याने शेतकऱ्याला अंधारात बारे द्यायला जावे लागते. दिवसा वीज द्या, ही त्याची मागणी जिवाच्या भीतीतून आलेली आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतूच मुळी शेतीला दिवसा वीज देण्याचा आहे. अशा ठिकाणी दिवसा गाड्यांना स्वस्त वीज देताना त्याच वाहिनीवरच्या शेतकऱ्याचा दाब उतरणार असेल, तर ती स्वस्ताई आम्हाला नको. केंद्रांसाठी वेगळे रोहित्र, आणि शक्य तिथे केंद्राचे स्वतःचे सौर छप्पर, ही अट पहिल्या दिवसापासून असली पाहिजे. क्रम शेतकऱ्याचा आधी आणि पर्यटकाचा नंतर.

एप्रिल २०२५ मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या विद्युत वाहन धोरणात महामार्गांवर दर पंचवीस किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे उद्दिष्ट आहे. त्याच धोरणाने विजेच्या मोटारींना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर पथकर माफ केला. पुणे-नाशिक महामार्ग त्या यादीत नाही. अटल सेतूवरून जाणाऱ्याला सूट आणि आळेफाट्याच्या गाडीवाल्याला काही नाही, यामागचे तर्कशास्त्र ज्यांनी धोरण लिहिले त्यांनाच ठाऊक.

आता ही केंद्रे कोणाच्या मालकीची असावीत? खेड, मंचर, नारायणगाव या गावांना बाह्यवळण रस्ते झाले आणि प्रवासी गावाला वळसा घालून निघून जाऊ लागला. बाजारपेठांनी त्याची झळ सोसली. विजेची गाडी ही उलटी संधी आहे, कारण ती प्रवाशाला अर्धा-पाऊण तास थांबवते. तेवढ्या वेळात तो मिसळ खाईल, द्राक्षे घेईल, टोमॅटोची पाटी घेईल. मात्र यंत्र बाह्यवळणावरच्या मोठ्या हॉटेलात असेल तर हे पैसे गावात येणार नाहीत. ओझर, लेण्याद्री, भीमाशंकर येथील वाहनतळ, बाजार समित्यांची आवारे, एस.टी. स्थानकांच्या मोकळ्या जागा येथे स्थानिक पतसंस्थांनी, बचत गटांनी, सहकारी संस्थांनी केंद्रे चालवावीत. सार्वजनिक जागा युनिटमागे एक रुपया महसूलवाट्याने देण्याची तरतूद जानेवारी २०२२ च्या केंद्रीय सूचनांत होती. विघ्नहर आणि भीमाशंकर हे दोन्ही सहकारी साखर कारखाने सहवीजनिर्मिती करतात. आपल्या आवारात, आपल्याच विजेवर, निदान गळीत हंगामापुरते तरी चार्जिंग देणे त्यांना जमण्यासारखे आहे.

सहकार म्हटले की सगळे आपोआप सुरळीत होते, असा आमचा भाबडा समज नाही. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने चार दशके वीज वाटली आणि थकबाकीच्या ओझ्याखाली २०११ साली तिचा परवाना संपला. तिथे वीज आधी आणि पैसे नंतर असा व्यवहार होता. चार्जिंग केंद्रावर पैसे दिल्याखेरीज वीज मिळत नाही, एवढा फरक या वेळी सहकाराच्या बाजूने आहे.

भारत आपल्या गरजेच्या पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करतो. विजेच्या गाडीने ते परावलंबन घटेल, म्हणून तिचे स्वागत स्वदेशीच्या विचारातूनही केले पाहिजे. बॅटरीचे सेल अजून मोठ्या प्रमाणावर चीनमधून येतात, ही त्यातली खोच. सेल देशात बनायला काही वर्षे लागतील. शिवनेरीच्या पायथ्याशी पडणारे ऊन मात्र आजही आपलेच आहे. त्या उन्हावर चालणारे पहिले केंद्र जुन्नरची एखादी पतसंस्था येत्या शिवजयंतीपर्यंत उभे करते का, आणि त्याच्या दारात दराची पाटी लावते का, याकडे आमचे लक्ष राहील.