गोठ्यात लस, पाळण्यात शंका



पावसाळ्याआधी घटसर्पाची लस टोचताना राजुरीचा दूधउत्पादक स्वतः गाय धरून उभा राहतो. घटसर्प नावाचाच, पण वेगळा रोग लेकरांनाही होतो. त्यांची लस दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना असते. तिथे मात्र काही आईबाप कचरतात.

त्यांना अडाणी ठरवणाऱ्या साहेबांना आमचा सवाल : टोचल्यावर ताप येतो, एकदोन दिवसांत उतरतो, हे आधी कोणी समजावले? १९७६ साली नसबंदीसाठी माणसे धरून नेली ती सरकारनेच. ३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यात १२ बालकांना पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. विश्वास घालवायचा तुम्ही, दोष आईला?

पण भावांनो, सरकारवरचा राग लेकरावर काढू नका. २०२२ साली मुंबईत गोवंडीच्या लस चुकलेल्या वस्त्यांत गोवराने लेकरे दगावली. गोवर सरकारला होत नाही.

म्हणून लस टोचून घ्याच आणि हक्काने मागा : तापाची माहिती आधी द्या, दुसऱ्या दिवशी घरी येऊन बाळ पाहा, ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवरही लस न्या.

उपकार नको, हिशेब द्या!