आवाजाच्या नावाखाली निवाडा

इंग्रजीच्या अभ्यासपुस्तकांत ‘लाउडली’ या शब्दापुढे समानार्थी शब्दांची लांबलचक रांग दिलेली आढळते: फोर्सफुली, व्हेहमंटली, व्होसिफरसली, एम्फॅटिकली, स्ट्रायडंटली, श्रिली. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी ती घोकतात आणि निबंधात हाताला येईल तो शब्द वापरतात. माझे म्हणणे असे की, यातले बहुतेक शब्द आवाज मोजत नाहीत. बोलणाऱ्याबद्दल मत देतात. ते मत कोणते हे न सांगता नुसती यादी शिकवणे म्हणजे दुसऱ्याचा पूर्वग्रह नकळत स्वतःच्या लेखणीत उतरवून घेणे.

हे शब्द जवळून पाहिले की फरक उघड होतो. फोर्सफुली बोलणारा आवाज चढवेलच असे नाही. न्यायालयात शांत सुरात एकेक मुद्दा ठासून मांडणारा वकीलही फोर्सफुलीच बोलतो. तिथे जोर युक्तिवादाचा असतो. व्हेहमंटली भावनेची तीव्रता सांगतो आणि तो बहुधा नकाराबरोबर, विरोधाबरोबर येतो. आरोप व्हेहमंटली फेटाळले जातात. पण कुणी व्हेहमंटली आभार मानले, असे लिहिले तर इंग्रजी वाचकाला खटकते. व्होसिफरसलीच्या मुळाशी ‘आवाज’ आणि ‘वाहून नेणे’ असे दोन लॅटिन शब्द आहेत. त्यात मोठेपणाबरोबर आग्रहाचा, पुष्कळदा जमावाच्या गलक्याचा भाव असतो. स्ट्रायडंट हा शब्द ‘करकरणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून आला आणि ती करकर त्याला अजून चिकटून आहे. तो वापरणारा आपल्याला ते बोलणे नकोसे झाले, हेच सांगत असतो. साधा ‘अलाउड’ही वेगळाच आहे. ‘धडा मोठ्याने वाच’ म्हणताना आपल्याला बहुतेकदा ‘मनातल्या मनात नको’ एवढेच सुचवायचे असते. तिथे अलाउड हवा. लाउडली लिहिले तर वर्ग दणाणून सोडायला सांगितल्यासारखे होते.

समानार्थी शब्दांचा सर्वांत प्रसिद्ध इंग्रजी कोश पीटर मार्क रॉजे या डॉक्टरने १८५२ साली प्रसिद्ध केला. त्याने शब्द वर्णक्रमाने न लावता कल्पनांनुसार गटांत मांडले. सर्व बाबतींत एकच अर्थ असलेले, कुठेही अदलाबदल करता येईल असे दोन शब्द सापडणे जवळजवळ अशक्य आहे, हे त्याने प्रस्तावनेतच बजावले होते. मनात आलेल्या कल्पनेसाठी नेमका शब्द शोधता यावा, हा त्या कोशाचा हेतू होता. पुढे गटांच्या याद्या झाल्या आणि तो इशारा मागे पडला.

या दुर्लक्षाची किंमत सर्वांत जास्त स्त्रियांनी मोजली आहे. होमरच्या ‘इलियड’मधला स्टेंटर पन्नास माणसांइतक्या आवाजात ओरडतो, त्याच्या नावावरून इंग्रजीला ‘स्टेंटोरियन’ हे भारदस्त विशेषण मिळाले. ‘ओडिसी’त मात्र नायकाची पत्नी पेनेलपी हिला तिचा मुलगाच सुनावतो की, बोलणे हे पुरुषांचे काम आहे. केंब्रिजच्या प्राध्यापक मेरी बिअर्ड यांनी २०१४ सालच्या व्याख्यानात याच प्रसंगापासून स्त्रीच्या सार्वजनिक आवाजाची दडपणूक उलगडून दाखवली. पुरुषाच्या बोलण्याची कंपनसंख्या साधारणपणे सेकंदाला १२०च्या आसपास असते, तर स्त्रीची २००च्या आसपास. म्हणजे उंच पट्टीला दोष देणारा श्रिल हा शब्द मुद्द्याआधी देहालाच दोषी ठरवतो. ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी आवाज खालच्या पट्टीत आणण्यासाठी खास प्रशिक्षण घेतले होते. २०१६ साली ऑक्सफर्डच्या ऑनलाइन शब्दकोशात श्रिल या शब्दाच्या उदाहरणात स्त्रियांचेच आवाज असल्याचे एका मानववंशशास्त्रज्ञाने दाखवून दिले. आधी थट्टेने उत्तर देणाऱ्या कोशकर्त्यांना नंतर माफी मागावी लागली.

यावर एक आक्षेप असा की, शब्दकोश हा आरसा असतो. समाज जसा बोलतो तसे त्याने दाखवावे. अर्थाच्या बाबतीत हे मान्य. पण हजारो वाक्यांतून एक उदाहरण निवडतो तो संपादक, आणि निवडीची जबाबदारी समाजावर ढकलता येत नाही. दुसरा आक्षेप असा की, काही आवाज खरोखरच कर्कश असतात. असतातही. मग कर्कश आवाजात काय म्हटले गेले, तेही लिहावे. मुद्दा गाळून फक्त आवाज नोंदवणे ही बोलणाऱ्यावर कुरघोडी आहे. तिसरा आक्षेप म्हणजे स्टीफन किंग यांच्यासारख्या लेखकांचा सल्ला: क्रियाविशेषणे शक्यतो टाळाच. कादंबरीत तो उपयोगी पडेल, कारण तिथे संवादच सूर सांगतो. बातमीत किंवा साक्षीच्या नोंदीत मात्र माणूस कसा बोलला, हा पुराव्याचा भाग असू शकतो. तिथे शब्द गाळण्यापेक्षा तपासून वापरणे बरे.

हा प्रश्न इंग्रजीपुरता उरत नाही. मराठी बातम्यांतही एक नेता ‘ठणकावतो’ आणि दुसरा ‘थयथयाट करतो’. पुरुष ‘आक्रमक’ होतो, बाई ‘आक्रस्ताळी’ ठरते. आवाज तेवढाच असतो. बदलते ती लिहिणाऱ्याची बाजू. म्हणून दोन गोष्टी व्हायला हव्यात. शिकवणाऱ्यांनी असा प्रत्येक शब्द पूर्ण वाक्यात द्यावा आणि तो कोण, कुणाबद्दल, कौतुकाने वापरतो की नापसंतीने, हे सोबत सांगावे. परीक्षेतही ‘समानार्थी शब्द ओळखा’ याऐवजी ‘या वाक्यात कोणता शब्द बसेल आणि का’ असे विचारावे. वृत्तपत्रांनी असा शब्द छापण्याआधी तो विरोधी बाजूच्या माणसालाही तितक्याच सहजपणे लावला असता का, हे तपासावे. उत्तर ‘नाही’ असेल, तर ‘म्हणाले’, ‘म्हणाल्या’ हे साधे शब्द पुरेसे आहेत. बोलणे पटले की नाही, हे वाचकाला ठरवू द्यावे. तो अधिकार त्याचाच आहे.