मन्याचे एरंडेल

गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या रात्री दवाखान्याला कुलूप लावीत होतो, तोच दारात रिक्षा थांबली. आतून एक आजीबाई उतरल्या. कडेवर टॉवेलात गुंडाळलेला बोका, नाव मन्या.

"डॉक्टर, कालपासून सारखा वाळूत बसतो नि कुंथतो. बद्धकोष्ठ झालंय हो. एरंडेल पाजलं, तरी काही होईना."

मी पोटाला हात लावला. मूत्राशय लिंबासारखे टणक लागले. मन्याचे पोट नव्हे, लघवी अडली होती. बोक्याची मूत्रनळी फार अरुंद असते. लघवीतली कचकच आणि चिकट स्राव तीत साचला की बूच बसते. मग रक्तातले पोटॅशियम वाढत जाते, आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकते. घरच्यांना दिसते ते कुंथणे तेवढे! ही गफलत मी इतक्यांदा पाहिली आहे, की 'बोक्याला बद्धकोष्ठ' हे शब्द फोनवर आले की हातातला चहा खाली ठेवतो आणि विचारतो, "वाळू ओली झाली का?" वाळू कोरडी असेल तर सकाळची वाट पाहायची नाही.

भूल देऊन नळी घातली, सलाईन लावले. आजी बाकावरून हलेनात. नातू शिकायला परगावी. घरात बोलायला मन्याच. मध्येच म्हणाल्या, "अंग गरम वाटलं म्हणून पॅरासिटामॉलही देत होते. पण मेल्यानं थुंकून टाकली."

मन्याच्या हट्टीपणाला मी मनोमन हात जोडले. आपण डोके दुखले की घेतो ती ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. हे औषध पचवून निकामी करण्याची ताकद मांजराच्या यकृतात फार तोकडी. रक्त प्राणवायू वाहीनासे होते, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजते. त्यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळायला हवा. अशी एक मांजरी माझ्या टेबलावर गेली आहे. गोळी देणारीने ती किती मायेने दुधात कुसकरली होती, ते मला अजून आठवते.

कुत्रेवाल्यांनी हसू नये. त्यांच्या मोत्याला या दिवसांत फराळाचे डबे बाधतात. चॉकलेट वाईट हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. पण चिवड्यातल्या बेदाण्यांनीही कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. किती खाल्ले म्हणजे बाधतील याचा नेम नाही, तेव्हा डबा सांडलाच तर उलटी होईतो थांबू नका, लगेच फोन करा.

मन्या भाऊबिजेला घरी गेला. बूच पुन्हा बसण्याची भीती असते, म्हणून पातळ खाणे आणि जागोजाग पाण्याच्या वाट्या सांगितल्या. तेव्हापासून दर रविवारी आजींचा फोन येतो, "आज दोनदा ओली, डॉक्टर!"


"छान," मी म्हणतो, आणि चहा पुढे पितो.