टकळी आणि बागेतले बाकडे



या खेपेला मुलांचा अभ्यास आणि घरखर्चाची ओढाताण बाजूला ठेवते आणि माझ्या एका रिकामपणच्या उद्योगाविषयी लिहिते. गेली दोन वर्षे मी टकळीवर सूत कातते. तेही घरात नाही, बागेतल्या बाकड्यावर बसून. वस्तीत हे कळले तेव्हा महिला मंडळातल्या एका ताईंनी तोंडावरच विचारले, "काय गं, तू खादीवाल्यांच्यात गेलीस की काय?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण प्रश्न मनातून जाईना.

कारण प्रश्न खोटा नव्हता. आपल्या समाजाला चरख्याचे कौतुक कधी फारसे वाटले नाही. बाबासाहेबांनी १९४५ साली 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टु द अनटचेबल्स' या ग्रंथात याचा समाचार घेतला आहे. यंत्र माणसाला जनावरासारख्या कष्टातून सोडवते आणि त्याला फुरसत देते, फुरसत असेल तरच माणूस संस्कृतीचे जीवन जगू शकतो, असे त्यांचे म्हणणे. यंत्रामुळे गरिबाचे हाल होत असतील तर तो दोष यंत्राचा नसून खाजगी मालमत्ता आणि नफा यांना पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा आहे, हेही त्यांनी बजावले. पुढे २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने राष्ट्रध्वज स्वीकारला. त्यावर चरख्याच्या जागी सारनाथचे अशोकचक्र आले, याचा आपल्याला अभिमान आहे.

शिवाय आमच्या घरात सूत हौस म्हणून आलेच नव्हते. आजोबा रत्नागिरीकडून मुंबईला आले ते गिरणीत लागले, रिंग खात्यात. तिथे सूत निघे. कापड निघे ते साचेखात्यात, आणि पगारही तिथेच जास्त. पण साचेखात्याचे दार आपल्या माणसाला बंद. का, तर धोट्यातली कांडी बदलली की साचेवाला धाग्याचे टोक तोंडाने ओढून बाहेर काढी. ज्या धोट्याला 'महाराचे' तोंड लागले त्याला आम्ही तोंड लावणार नाही, असे बाकीचे म्हणत. धागा आमच्या हातचा चाले, पण धोट्याला आमचे ओठ लागलेले चालत नसत! १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा अन्याय कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. बंदी सैल व्हायला मात्र त्यानंतरही वर्षे गेली.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, १९५७ साली लागले तेही रिंग खात्यातच. धागा तुटू नये म्हणून खात्यातली हवा दमट ठेवावी लागे. त्यासाठी पाण्याचे फवारे सुरू आणि खिडक्या बंद. शेकडो चात्यांची घरघर इतकी की शेजारच्याशी बोलायचे तर खुणेने. कापसाची कीस नाकातोंडात जाई. रविवारची सुट्टी संपली की सोमवारी अण्णांची छाती आवळून येई. सूतगिरणी कामगारांच्या या दुखण्याला डॉक्टरांनी बिसिनोसिस असे नाव दिले आहे, हे आम्हाला फार उशिरा कळले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अण्णा पुन्हा खात्यात गेले नाहीत.

अशा घरातल्या मुलीने टकळी का धरावी?

खरे सांगते, शाळेत सूतकताईच्या तासाला मी टकळी धरली होती आणि मला तिचा तिटकारा होता. मार्कांसाठी काढलेले ते सूत, गाठीच गाठी. पालिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर पत्र्याची ट्रंक आवरताना ती सापडली. वीतभर पोलादी काडी, बुडाशी पितळेची चकती, वर बारीक आकडा. पेळू खादी भांडारातून आणले. घरी बसले तर आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत पंखा लावला की कापूस उडतो आणि पंखा बंद केला की जीव जातो. म्हणून नायगावहून चालत फाइव्ह गार्डनला जाऊ लागले. राजगृह तिथून जवळच. वाटेवर मोठी झाडे आहेत, सावलीसावलीने जाता येते.

आता कातायचे कसे ते सांगते. मांडीवर काळे फडके घ्यावे, म्हणजे पांढरा धागा नजरेला दिसतो. टकळीचे टोक एका वाटीत टेकवावे. कापसाचा तंतू आखूड, लोंबत्या टकळीचे वजन कोवळ्या धाग्याला पेलत नाही. उजव्या हाताच्या चिमटीने टकळीला फिरकी द्यावी आणि डाव्या हाताने पेळू हलकेच मागे न्यावा. गंमत पुढे आहे. पीळ नेहमी धाग्याच्या बारीक भागाकडे धावतो, जाड भाग मऊच राहतो. म्हणून जाड गाठ दिसली तर घाबरू नये. पीळ कमी असतो तोवर ती ओढून सारखी करता येते. बारीक जागा मात्र आधीच आवळलेली असते, तिला ओढली की तुटलीच. पेळू घट्ट दाबून धरला की तंतू सरकत नाहीत, अगदीच सैल सोडला की धागा विरतो. हे बोटांना कळायला मला तीन महिने लागले. मनात भांडण घेऊन बसले त्या दिवशी धागा हमखास तुटतो, हाही अनुभव. वारा सुटला तर झाडाच्या बुंध्याची आड घ्यावी.

तासाभरात माझे पन्नास-साठ हात सूत होते. गिरणीतली एक चाती तेवढे सूत दोन-अडीच मिनिटांत काढते, आणि एका रिंगला चात्या शेकडो. तेव्हा यावर कोणाचे पोट भरेल, असे मी कोणालाही सांगणार नाही. कोणी तसे सांगू लागला तर त्याला आधी रोजी किती पडते ते विचारावे.

मग मला यात मिळते काय? आपल्या बाया घराबाहेर दिसतात त्या पाण्याला, बाजाराला, कामाला, मोर्चाला. नुसती बसलेली बाई मी आमच्या वस्तीत पाहिली नव्हती. माझी आई जन्मात कधी झाडाखाली बसली असेल तर बस चुकली म्हणून. पहिल्या दिवशी रिकाम्या हाताने बाकड्यावर बसले तर कोणी ओळखीचे पाहील या विचारानेच ओशाळले. हातात टकळी आली आणि मला बसायला निमित्त मिळाले. साठाव्या वर्षी बाईला नुसते बसायलाही निमित्त लागावे, याचे वाईट वाटते, पण लागले हे खरे. आता साडेपाचला बसते. साळुंक्यांचा कलकलाट ऐकू येतो. अंधार पडू लागला की पर्जन्यवृक्षाची पाने मिटतात, ती मिटू लागली की मीही टकळी गुंडाळते. ताईंना मी एवढेच सांगितले की बाबासाहेबांनी जी फुरसत मागितली तीच मी या बाकड्यावर घेते आहे, कातणे हा तिचा खेळ.

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरीतल्या एका विणकराच्या मुलीची कथा आहे. भगवान बुद्ध गावात आले, पण बापाने तिला कांड्या भरून आणायला सांगितलेले. तिने आधी काम पुरे केले आणि टोपली घेऊन वाटेत ती सभेशी थांबली. सगळा गाव जमला होता, तरी तथागत तोवर मौन बसून होते. तिची वाट पाहत. ही कथा मी अण्णांना वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, "मुकादमाने कधी कोणाची वाट पाहिली नाही."

गेल्या हिवाळ्यात त्यांनाही टॅक्सीने बागेत नेले. वय सत्याऐंशी. बराच वेळ माझ्याकडे पाहत बसले. माझा धागा तुटला, मी गाठ मारू लागले तर म्हणाले, "गाठ नको बाय, दे इकडे." दोन्ही टोके त्यांनी एकमेकांवर ठेवली, अंगठ्याने एकदाच फिरवली, आणि सांधा कुठे आहे तो मला शोधून सापडेना. चाळीस वर्षांहून जास्त काळ त्या बोटांनी धागा धरला नव्हता. धागा उजेडाकडे धरून ते म्हणाले, "पीळ कमी पडतोय तुझा." मग खोकले, पाणी प्यायले, वर झाडाकडे पाहिले.

"इथं आवाज नाही कसलाच," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "अजून पेळू आहे का पिशवीत?"