बाकी भेटीअंती

गेल्या महिन्यात घराला रंग द्यायचा निघाला. मोशीतलं आमचं घर जुनंच. आजूबाजूला बारा-बारा मजल्यांच्या सोसायट्या उभ्या राहिल्या आणि मध्ये आमचं हे बैठं घर तसंच राहिलं. रंगाऱ्यांसाठी माळा रिकामा करताना हिची लग्नातली पत्र्याची ट्रंक खाली आली. ही जाऊन आता तीन वर्षं होतील. ट्रंकेच्या तळाशी, जुन्या खणाच्या तुकड्यात नाडीने बांधलेला पत्रांचा गठ्ठा निघाला. सगळी माझी पत्रं. मोजली, त्रेचाळीस भरली.

रात्री मुलीचा फोन आला. ती न्यू जर्सीला असते. तिला गठ्ठा दाखवला. बघून ती म्हणाली, "अण्णा, ही तुमची झाली. आईची कुठायत?"

मी काही बोललो नाही. आईची पत्रं नाहीत. मीच ठेवली नाहीत.

तेव्हापासून जे डोक्यात घोळतंय ते आज लिहून टाकतो. पटलं तर घ्या.

मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. पत्रलेखन हा माझा हातखंडा. 'तीर्थरूप' फक्त आईवडिलांना, बाकी वडीलधाऱ्यांना 'तीर्थस्वरूप', हे पोरांकडून घोकून घेतलं. मायना चुकला की अर्धा गुण कापायचो. तेव्हा एक गोष्ट मात्र कोणाला शिकवली नाही, कारण मलाच ती कळली नव्हती. आलेलं पत्र कसं वाचायचं, ही ती गोष्ट.

पूर्वीच्या पत्रांबद्दल हल्ली फार हळवं बोललं जातं. पूर्वी लोक पत्रातून मन मोकळं करायचे, आता फोन आले आणि सगळं संपलं, असा एक सूर असतो. मला ते तितकंसं खरं वाटत नाही. माझीच त्रेचाळीस पत्रं परत वाचली. इकडील सर्व क्षेम, तिकडील कळवावे. पाऊस बरा आहे. गाय व्याली का. दादांच्या गुडघ्याला तेल लावत जा. शेवटी सर्वांना यथायोग्य नमस्कार व आशीर्वाद. माणूस जिवंत आहे आणि त्याला घराची आठवण आहे, एवढंच त्यातून कळायचं. तेही कमी नव्हे, पण त्याला मन मोकळं करणं म्हणत नाहीत.

पत्राची खरी करामत वेगळीच होती. समोर उभं राहून ज्याला बोलता येत नव्हतं, त्याला पत्रात बोलता यायचं. मध्ये कोणी तोडत नसे, कोणी डोळे वटारत नसे. वाक्य पूर्ण करता यायचं.

याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. माझी मुलगी राहते त्याच न्यू जर्सी राज्यात रोझेल नावाचं गाव आहे. तिथल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या हाती १८८० साली एक मिशनरी मासिक पडलं. बायकोला शिकवू पाहणाऱ्या एका हिंदू गृहस्थाचं पत्र त्यात छापलं होतं. ते गृहस्थ गोपाळराव जोशी, आणि योगायोग बघा, नोकरीने ते पोस्टातले कारकून. कार्पेंटरबाईंनी त्या न पाहिलेल्या मुलीला पत्र लिहिलं. मुलीचं वय पंधरा. त्याआधीच तिचं लग्न झालेलं, एक मूल जन्मून दहा दिवसांत गेलेलं. तिने उत्तर दिलं. पुढे तीन वर्षं हा पत्रव्यवहार चालला आणि त्यातून मावशी-भाचीचं नातं तयार झालं. १८८३ च्या एप्रिलमध्ये ती कलकत्त्याहून नवऱ्याशिवाय बोटीत बसली आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली. मावशी तिला तिथे पहिल्यांदा भेटली.

हा भाग मी वर्गात शिकवायचो. जिद्द, चिकाटी, पहिली भारतीय महिला डॉक्टर वगैरे. न शिकवलेला भाग त्यापुढचा आहे.

आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होत्या. गोपाळराव इकडे. सुएझचा कालवा १८६९ साली खुला झालेला होता, तरी टपालाला दोन समुद्र ओलांडून जायला महिनाभर लागायचा. गोपाळरावांची पत्रं कधी प्रेमाची, कधी संशयाची, कधी जिव्हारी लागणारी. घरात असताना नवऱ्यापुढे मान वर न करणारी ही मुलगी तिकडून उत्तरं लिहू लागली. लहान वयात आपल्याला झालेला मार, अंगावर फेकलेल्या वस्तू, सोडून जाण्याच्या धमक्या, यांची तिने एका पत्रात त्यांना आठवण करून दिली. त्यांचं वागणं बरं होतं की वाईट, याचा हिशेब तिने त्यांच्यासमोर मांडला. हे तिने त्यांचे उपकार मानूनच लिहिलं, कारण शिकवलं तेही त्यांनीच होतं. पण लिहिलं. कल्याणच्या किंवा कोल्हापूरच्या स्वयंपाकघरात उभं राहून हे तिला बोलता आलं असतं का? मधल्या समुद्राने तिला ते बोलू दिलं.

१८८६ च्या मार्चमध्ये ती डॉक्टर झाली. पंडिता रमाबाई त्या समारंभासाठी मुद्दाम इंग्लंडहून गेल्या होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात आनंदीबाई क्षयाने गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा पुन्हा समुद्र ओलांडून मावशीकडे गेली. न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सी इथे, कार्पेंटरबाईंच्या कुटुंबाच्या दफनभूमीत, तिचं स्मारक आहे.

आता माझा मुद्दा. गोपाळराव विक्षिप्त होते, तापट होते, बायकोवर हात टाकणारे होते. पण ते पत्र त्यांनी फाडून चुलीत घातलं नाही. घातलं असतं तर आज आपल्याला आनंदीबाई म्हणजे भिंतीवरचा फोटो एवढीच माहीत असती. पंडिता रमाबाईंचंही तेच. इंग्लंडमधल्या वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी धर्मावरून त्यांचे पत्रांतून कडाक्याचे वाद झाले. ती पत्रं जपून ठेवली कोणी? त्याच सिस्टरनी. त्यामुळेच १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाला ती पुस्तकरूपाने काढता आली. आपल्याला उलट बोललेलं पत्र जपायला मोठं मन लागतं. निदान ते वाचून संपवायला तरी लागतं.

माझ्याबाबतीत काय झालं ते सांगतो.

१९७५ साली मला पहिली नोकरी लागली ती बीड जिल्ह्यातल्या एका गावात. पुढच्या वर्षी लग्न झालं. ही मोशीला, आईदादांजवळ. मी दिवाळीला आणि मे महिन्यात यायचो. माझी पत्रं दादांच्या नावाने यायची, ओट्यावर बसून ती मोठ्याने वाचली जायची. त्यात हिच्यासाठी शेवटी एक ओळ असे. सौ.ला आशीर्वाद. नंतर ते पत्र हिच्या हाती पडायचं आणि ट्रंकेत जायचं.

ही जुनी अकरावी झालेली. १९७८ च्या जूनमध्ये तिचं एक पाकीट मला आलं. आंतर्देशीय नव्हे, चांगलं डिंकाने चिकटवलेलं पाकीट. आत वहीचे चार पाठपोट कागद. तिला डी.एड. करायचं होतं. पुण्यात मावशीकडे राहता येईल, मावशीची हरकत नाही, फॉर्म जुलैपर्यंत भरायचाय, तुम्ही दादांना फक्त दोन ओळी लिहा, असं तिने लिहिलं होतं. आणखीही बरंच होतं. दिवसभरात आपल्याशी कामापलीकडे कोणी बोलत नाही, असंही होतं. सगळं आता आठवत नाही. आठवत नाही हीच तर बोच आहे.

मी काय उत्तर दिलं ते मात्र सांगता येतं, कारण ते गठ्ठ्यात सापडलं. पोस्टकार्ड आहे. "पत्र मिळाले. मजकूर समजला. विषय मोठा आहे. बाकी भेटीअंती."

चार पाठपोट कागदांना पोस्टकार्डावर उत्तर! पोस्टकार्ड म्हणजे पोस्टमनपासून घरादाराने वाचायचं. तिने एवढ्या जपून डकवलेल्या पाकिटाचा बोभाटा मीच केला. तिला घरात कोणी काही बोललं का, तेही मी कधी विचारलं नाही. दिवाळीत भेट झाली. जुलै उलटून गेला होता. मी विषय काढला नाही, तिनेही काढला नाही. १९८० ला माझी इकडच्या शाळेत सोय झाली आणि पत्रांची गरजच संपली. तिचं ते पाकीट बीडची खोली सोडताना इतर कागदांबरोबर रद्दीत गेलं असावं.

पुढे आजूबाजूला बांधकामं सुरू झाली तेव्हा ही मजुरांच्या पोरांना ओट्यावर बसवून बाराखडी शिकवायची. पाहुण्यांना मी कौतुकाने सांगायचो, "हिला शिकवायची भारी हौस." ती आत चहा ठेवायला निघून जायची.

मी बायकोवर कधी हात उचलला नाही. गावात मला सज्जन मास्तर म्हणतात. पण गोपाळरावांनी जे केलं तेवढंही माझ्याने झालं नाही.

म्हणून सांगतो, फोनला दोष देऊ नका. आमच्याकडे तेव्हा फोन नव्हता आणि पत्रं भरपूर होती, तरी बोलणं राहिलंच. आता मुलीशी रोज बोलणं होतं. जेवलीस का, थंडी किती आहे, नातवाची शाळा. हीसुद्धा 'इकडील सर्व क्षेम'चीच नवी आवृत्ती. त्यात वाईट काही नाही. पण घरातल्या कोणी कधी लांबलचक काही लिहून पाठवलं, कागदावर असो की मोबाइलवर, तर त्याला अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळे होऊ नका. जेवढं लिहिलंय तेवढं तरी वाचा, आणि 'बोलू निवांत' असं म्हणाल तर दिवस ठरवा. माळ्यावर जुनी पत्रं असतील तर रद्दीवाल्याला द्यायच्या आधी घरातल्या बायकांची कुठली आहेत ते बघा. बहुतेक घरांत ती सापडणार नाहीत. सापडली तर आधी ती ठेवा.

मी परवा मुलीला पत्र लिहिलं. सहा पानं झाली. आईने काय मागितलं होतं आणि मी काय केलं, ते सगळं लिहिलं. ते पोस्टकार्डही आत घातलं. मोशीच्या पोस्टात खिडकीवरची मुलगी म्हणाली, "काका, फोटो काढून पाठवा ना, दोन मिनिटांत जाईल." म्हटलं, "नको, जाऊ दे सावकाश."

पाकीट अजून पोचायचंय. फोन रोज होतो, पण त्याबद्दल मी काही बोलत नाही. आधी ती वाचू दे.