दुसरा अंगठा देऊ नका

माझ्या उजव्या हाताला अंगठा नाही. तो तुळिंजच्या एका गाळ्यात पावर प्रेसखाली राहिला. जून 2023. रात्रपाळी. वय 25. पगार 12,000, रोख.

सेठने ओळखीच्या डॉक्टरकडे नेलं. केसपेपरवर लिहिलं गेलं : घरी दरवाज्यात हात सापडला. मी शुद्धीवर होतो, सगळं ऐकत होतो. बोललो नाही. नोकरी जाईल म्हणून भ्यालो. अंगठा गेला होता आणि मी नोकरीला जपत होतो! गुलामी म्हणजे काय ते पुस्तकात कशाला शोधता, इथं बघा.

आठव्या दिवशी सुपरवायझर घरी आला. सोबत आपल्याच वस्तीतला एक पुढारी, गळ्यात निळा गमछा. आईला म्हणाला, "मावशे, सेठ देवमाणूस हाय. पंधरा हजार देतोय. कोर्टात जाऊन काय भेटणार?" पुढ्यात स्टॅम्पपेपर ठेवला. अर्धा कोरा. मी बारावी पास. सही येत होती, पण उजव्या हाताची. मग डावा अंगठा शाईत बुडवला आणि दाबला.

एकलव्यानं एकच अंगठा दिला. मी दोन दिले. पहिला मशीननं घेतला. दुसरा मी माझ्या हातानं दिला. मित्रांनो, पहिल्याबद्दल मला रडायचं नाही. मला बोलायचंय ते दुसऱ्याबद्दल.

पुढची 20 महिने मी तो कागद म्हणजे ब्रह्मवाक्य समजत होतो. सही झाली, संपलं. मग वस्तीतल्या अभ्यासवर्गात एका पोरानं 1923 चा कामगार भरपाई कायदा वाचून दाखवला. माझं टाळकंच सणकलं. इंग्रजाच्या काळातला कायदा, आणि शंभर वर्षांत तो आमच्या गाळ्याच्या शटरखालून आत आला नव्हता!

त्या कायद्यात एक तक्ता आहे. आपलं शरीर त्यात टक्क्यांनी मांडलंय. अंगठा गेला, 30 टक्के. एका हाताची दोन बोटं, 20. चारही बोटं, 50. अख्खा पंजा, 60. खाटकाच्या दुकानातल्या पाटीसारखं वाटतं. वाटू द्या. पण पाटीवर भाव लिहिलेला असला की गिऱ्हाइकाला कमी पैसे देऊन माल नेता येत नाही. हिशेब ऐका. पगाराचे 60 टक्के, म्हणजे 7,200. वयाच्या 25 व्या वर्षाचा गुणांक 216.91. गुणाकार 15,61,752. त्याचे 30 टक्के : 4 लाख 68 हजार 525 रुपये. आणि मला मिळाले पंधरा हजार. वर आईनं त्या सेठला हात जोडले.

ते 30 टक्केसुद्धा शेवटचा शब्द नाहीत. 1975 साली सर्वोच्च न्यायालयापुढं एका सुताराचं प्रकरण होतं. डावा हात कोपराच्या वरून तुटलेला. मालक म्हणत होता, नुकसान अर्धवट आहे. कोर्ट म्हणालं, एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून या माणसाचं नुकसान 100 टक्के. म्हणजे प्रश्न नुसता बोटाचा नाही. त्या बोटावर कुठली भाकरी उभी होती, हा प्रश्न आहे.

आणि तो स्टॅम्पपेपर? कायदा सांगतो, असली तडजोड भरपाईच्या अधिकाऱ्याकडं, जुन्या भाषेत कमिशनरकडं, नोंदवावी लागते. रक्कम अपुरी असेल, फसवून किंवा दबावानं सही घेतली असेल, तर तो नोंदच नाकारू शकतो. नोंदवलीच नाही तर मालक पूर्ण भरपाईतून सुटत नाही. दिलेल्या पैशातले निम्म्याहून जास्त त्याला एरवी वळतेही करता येत नाहीत. माझ्या सेठच्या पंधरा हजारातले साडेसात हजार असे हवेत गेले! मरणाची भरपाई तर बाईच्या हातात परस्पर द्यायचीच नाही, ती अधिकाऱ्याकडं जमा करायची. मर्तिकाच्या घरी पाकीट घेऊन येणारा सेठ दानशूर नसतो. तो कायदा चुकवत असतो.

दाव्याची मुदत दोन वर्षांची. एप्रिल 2025 मध्ये, दोन महिने उरले असताना, मी अर्ज टाकला. केस चालू आहे. तारखा पडतायत. सेठचा वकील म्हणतो, पोरगा पिऊन होता. गार्ड त्यानंच काढला. गार्ड आम्ही कामाला लागायच्या आधीपासून कोपऱ्यात गंजत पडलाय, कारण गार्ड लावला की तासाला माल कमी निघतो! कायदा चूक कुणाची ते विचारत नाही. काम करताना, कामामुळं जखम झाली, एवढंच विचारतो. दारू, मुद्दाम मोडलेला नियम, मुद्दाम काढलेला गार्ड या पळवाटा आहेत, पण माणूस मेला किंवा कायमचा पूर्ण निकामी झाला तर त्याही बंद होतात.

21 नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. नाव बदललं. भरपाईचा हक्क, दोन वर्षांची मुदत, महिन्याभरात पैसे न दिल्यास व्याज आणि वर 50 टक्क्यांपर्यंत दंड, हे राहिलं. घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसला तर, आता त्यात धरलाय. विरार लोकलच्या दारात लटकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. ईएसआय लागू असेल तर पैसे मालकाकडून नाही, ईएसआयकडून घ्यायचे. पण साधारण दहा माणसं झाली की ईएसआय लागतो, म्हणून आमच्या गाळ्यात राबायचे सोळा आणि मस्टरवर सात. बाकीचे नऊ काय भुतं होती?

2017 पासून मालकावर बंधन होतं : माणूस कामाला लावताना भरपाईच्या हक्काची माहिती लेखी द्यायची, त्याला कळेल अशा भाषेत. आमच्या शेजारच्या सोपाऱ्यात अशोकानं आपली आज्ञा दगडावर कोरली, लोकांच्या प्राकृतात. त्याला दोन हजार वर्षं उलटून गेली. आणि आमच्या सेठला एक कागद भिंतीला चिकटवता येत नाही! गाळ्यात एकच पाटी होती : मोबाइल वापरल्यास शंभर रुपये दंड.

कुणी म्हणेल, हा नुसता मजुरीचा प्रश्न, यात जात कुठं आली? 9 एप्रिल 2024 ला विरार पश्चिमेला ग्लोबल सिटीतल्या सांडपाणी प्रकल्पात चार कामगार गुदमरून मेले. गटारात कोण उतरतं, हे या देशात विचारावं लागत नाही. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढं बाबासाहेबांनी दोन शत्रू सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. पुढं 1942 ते 1946 ते देशाचे मजूरमंत्री होते. आपण पहिला शत्रू पाठ केला. दुसऱ्याकडून जयंतीची वर्गणी घेतो.

होय, मी आपल्याच माणसांवर बोलतोय. माझ्या पंधरा हजारातले तीन हजार त्या गमछेवाल्यानं नेले. "बोलणी केली" म्हणून. सेठनं माझा अंगठा घेतला, यानं माझा भरवसा घेतला. असले दलाल वस्तीवस्तीत आहेत आणि आपण त्यांच्या बॅनरखाली नाचतो. डीजेला लाख रुपये आहेत. पण तुळिंजमध्ये गेल्या वर्षी किती बोटं तुटली, याची एक शंभर पानी वही कुठल्याही मंडळाकडं नाही. साला, लाज वाटली पाहिजे!

म्हणून आता ऐका. अपघात झाला की आधी सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात चला. डॉक्टरला सांगा, कामावर लागलं, कुठल्या गाळ्यात, किती वाजता. एमएलसी करायला लावा. पोलिसांत नोंद करा. मालकाला लेखी कळवा, व्हॉट्सॲपवर का होईना. मशीनचा फोटो त्याच दिवशी काढा, दुसऱ्या दिवशी गार्ड परत बसलेला असतो. पगार रोख असेल तर सोबत्यांची नावं लिहून ठेवा, तेच साक्षीदार. ठेकेदार पळाला तर मूळ मालक धरा, कायदा त्याला जबाबदार धरतो. मुलूख सोडून आलेल्या भय्यालाही हे त्याच्या भाषेत सांगा, प्रेस त्याचाही हात ओळखत नाही. दावा आपण राहतो त्या भागातही टाकता येतो.

आणि कागद पुढं आला तर हात पाठीमागं बांधा. म्हणा, वाचून सांगतो. म्हणा, अधिकाऱ्यापुढं करू. आईला मावशे म्हणत कुणी आला तर त्याला आधी चहा द्या आणि मग दार दाखवा.

माझा अंगठा परत येणार नाही. हा लेख मी डाव्या हातानं लिहिलाय, अक्षर वाकडं आहे. पण आता सही येते. ती मी कोऱ्या कागदावर करत नाही.

जय भीम.