ॲनापोलिसची तीन दशके

एखादी नामवंत फुटबॉलपटू निवृत्त होऊन महाविद्यालयीन संघाचे प्रशिक्षकपद स्वीकारते, तेव्हा तिने खालची पायरी पत्करली असे म्हणण्याची क्रीडासमीक्षकांची सवय जुनी आहे, आणि या आठवड्यातही तेच विधान, तेही कळवळ्याच्या सुरात, पुन्हा ऐकावे लागले. एवढी कारकीर्द घडवून अखेर कॉलेजच्या मुलींनाच शिकवायचे का, असा त्या कळवळ्याचा आशय असतो. अमेरिकेतील स्त्रियांच्या फुटबॉलचा इतिहास नुसता चाळला तरी हे म्हणणे टिकत नाही, कारण तेथे 2001 पर्यंत स्त्रियांसाठी पूर्ण व्यावसायिक लीग नव्हती आणि जगज्जेता ठरलेला राष्ट्रीय संघ विद्यापीठांच्या मैदानांवरच घडला होता.

1991 च्या पहिल्या महिला विश्वचषकाविषयी या सदरात पुरेसे लिहिले गेले आहे, त्यामुळे येथे फक्त आघाडीच्या फळीचे आकडे पुरेत. अमेरिकेने त्या स्पर्धेतील सहा सामन्यांत 25 गोल केले आणि त्यांतील 20 गोल तिघींचे होते: मिशेल एकर्स यांचे 10, कॅरिन जेनिंग्ज यांचे 6 आणि कर्णधार एप्रिल हाइनरिक्स यांचे 4. चिनी वृत्तपत्रांनी या त्रयीला तीन धारांची तलवार म्हटले. जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात जेनिंग्ज यांनी पहिल्या तेहतीस मिनिटांतच हॅटट्रिक पूर्ण केली, उत्तरार्धात हाइनरिक्स यांनी दोन गोल चढवले आणि सामना 5-2 असा संपला. ग्वांगझौ येथील अंतिम सामन्यात नॉर्वेविरुद्धचे दोन्ही गोल एकर्स यांचे होते, तरीही स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा सुवर्णचेंडू जेनिंग्ज यांच्याकडे गेला, आणि तो निवाडा रास्त होता.

जेनिंग्ज आणि हाइनरिक्स या दोघींच्या पुढील वाटा शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत, कारण त्या जवळजवळ एकाच ठिकाणाहून फुटतात. दोघीही 1983 ते 1986 या काळातील विद्यापीठीय फुटबॉलच्या अव्वल गोलकर्त्या होत्या. हाइनरिक्स यांनी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाला तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली, तर जेनिंग्ज यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेकडून 102 गोल केले. हाइनरिक्स तर विश्वचषकात कर्णधार म्हणून उतरल्या त्याच वर्षी मेरीलँड विद्यापीठाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या होत्या, आणि गुडघ्याच्या दुखापतींमुळे त्यांचा खेळ थांबला तेव्हा पुढचे काम आधीच सुरू झालेले होते. 1993 साली जेनिंग्ज, म्हणजे विवाहानंतरच्या कॅरिन गबारा, त्याच मेरीलँड राज्यातील ॲनापोलिस येथे अमेरिकेच्या नेव्हल अकॅडमीत मुख्य प्रशिक्षक म्हणून आल्या. जगज्जेत्या फळीतील या दोन खेळाडू त्यानंतर सुमारे दोन वर्षे एकमेकींपासून मोटारीने तासाभराच्याही आत पोहोचता येईल अशा दोन मैदानांवर विद्यार्थिनींना शिकवत होत्या.

हाइनरिक्स यांची वाट सर्वांना परिचित आहे, कारण ती वर चढत जाणारी आहे. मेरीलँडनंतर व्हर्जिनिया विद्यापीठ, 2000 साली राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षकपद आणि ते पूर्ण वेळ सांभाळणारी पहिली स्त्री म्हणून झालेली नोंद, सिडनी ऑलिम्पिकचे रौप्य, 2003 च्या विश्वचषकातील तिसरा क्रमांक आणि 2004 साली अथेन्स येथे ब्राझीलला अतिरिक्त वेळेत 2-1 असे हरवून मिळवलेले सुवर्ण, असा तो आलेख आहे. तरीही सुवर्णपदकानंतर काही महिन्यांतच, ज्येष्ठ खेळाडूंच्या नाराजीच्या बातम्या छापून येत असताना, फेब्रुवारी 2005 मध्ये त्यांनी पद सोडले. राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाच्या कामाची मोजदाद दोन स्पर्धांमधल्या अवधीत होते आणि त्या अवधीत खेळाडू घडवायला सवड नसते. तेथे घडलेल्या खेळाडू निवडल्या जातात.

गबारा यांच्या कामाची जातकुळी वेगळी आहे, आणि ती समजण्यासाठी नेव्हल अकॅडमी म्हणजे काय हे नीट पाहिले पाहिजे. नौदल आणि मरीन दलासाठी अधिकारी तयार करणारी ही चार वर्षांची पदवी संस्था असून तिचे दरवाजे स्त्रियांसाठी 1976 साली उघडले. महिला फुटबॉल संघाला तेथे व्हार्सिटी दर्जा, म्हणजे संस्थेच्या अधिकृत प्रातिनिधिक संघाचा दर्जा, 1993 साली मिळाला, आणि त्यामुळे गबारा यांना चालू संघाची सूत्रे हाती घ्यायची नव्हती, तर संघ पायापासून बांधायचा होता. अन्य विद्यापीठांत प्रशिक्षकाचे मोठे साधन म्हणजे क्रीडा शिष्यवृत्ती. महाविद्यालयीन स्पर्धांच्या सर्वोच्च, म्हणजे पहिल्या, विभागातील महिला फुटबॉल संघाला दीर्घकाळ 14 पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि त्या तुकड्यातुकड्यांनी वाटून खेळाडू आकर्षित केल्या जात. नेव्हल अकॅडमीत हे साधनच उपलब्ध नाही, कारण तेथील प्रत्येक विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा खर्च सरकार करते आणि त्या मोबदल्यात पदवीनंतर किमान पाच वर्षांची लष्करी सेवा बांधून घेते.

एका प्रवेशाचा प्रवास पाहिला तरी या कामाची अडचण कळते. प्रशिक्षकाने सतरा वर्षांची एखादी चपळ आघाडीपटू हेरली, तरी त्या मुलीला आपल्या भागातील काँग्रेस सदस्याचे किंवा सिनेटरचे, अथवा नियमांत बसणाऱ्या अन्य मार्गाने, नामांकन मिळवावे लागते, वैद्यकीय तपासणी आणि शारीरिक क्षमतेची चाचणी पार करावी लागते, आणि शिवाय गणित व भौतिकशास्त्राचा भार पेलेल अशी शैक्षणिक तयारी दाखवावी लागते. प्रवेश मिळाल्यावर पहिला उन्हाळा नवागतांच्या लष्करी प्रशिक्षणात जातो, ज्याला तेथे प्लीब समर म्हणतात. त्यात कवायत, हत्यारांची हाताळणी आणि पहाटेपासूनचा व्यायाम असतो. शरद ऋतूतील फुटबॉलचा हंगाम त्यानंतर लगेच सुरू होतो, म्हणजे इतर विद्यापीठांच्या खेळाडू ज्या आठवड्यांत चेंडूवर सराव करत असतात, त्या आठवड्यांत ॲनापोलिसची नवी खेळाडू बूट चमकवायला आणि हुकूम तोंडपाठ म्हणायला शिकत असते. व्यावसायिक लीगचे स्वप्न दाखवून अशा मुलीला बोलावता येत नाही, कारण पदवीनंतर तिची वाट युद्धनौकेकडे, वैमानिक प्रशिक्षणाकडे किंवा मरीन दलाच्या तुकडीकडे जाते.

अशा ठिकाणी सुवर्णचेंडूची मानकरी तीन दशके राहिली, पहिली काही वर्षे तर राष्ट्रीय संघातून खेळत राहिली आणि 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकचे सुवर्णपदक घेऊन पुन्हा त्याच मैदानावर परतली, हे या खेळाच्या इतिहासातील सर्वांत कमी दखल घेतले गेलेले कर्तृत्व आहे. तीनशेहून अधिक विजय आणि पेट्रियट लीग या महाविद्यालयीन स्पर्धेची अनेक विजेतेपदे हा त्याचा मोजता येणारा भाग झाला. प्रत्येक चार वर्षांनी पूर्ण बदलणारा, शिष्यवृत्तीचे आमिष नसलेला आणि खेळाच्या पलीकडे आयुष्य ठरवून आलेला संघ पुन्हा पुन्हा स्पर्धेच्या तोडीचा करणे, यात प्रशिक्षणाची खरी परीक्षा आहे. हाइनरिक्स यांचे पद मोठे होते यात वाद नाही. परंतु प्रशिक्षक म्हणून अधिक अवघड काम कोणी केले असा प्रश्न असेल, तर उत्तर गबारा हेच आहे.

येथे या सदराचा जुना आग्रह पुन्हा मांडणे भाग आहे. 1972 सालच्या टायटल नाइन या कायद्याने केंद्रीय निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी केली, मुलींच्या संघांना पैसा मिळाला, आणि त्याच पैशाने प्रशिक्षकाची खुर्ची पुरुषांना हवीशी वाटू लागली. वर्षानुवर्षे हे आकडे नोंदवणाऱ्या अकोस्टा आणि कार्पेंटर यांच्या पाहणीनुसार 1972 साली महिला संघांच्या प्रशिक्षकांत स्त्रियांचे प्रमाण 90 टक्क्यांहून अधिक होते आणि 2014 साली ते सुमारे 43 टक्क्यांवर आले होते. फुटबॉलची राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धा स्त्रियांसाठी 1982 साली सुरू झाली, तरी स्त्री मुख्य प्रशिक्षक असलेल्या संघाने ती जिंकायला 1998 उजाडावे लागले. बेकी बर्ली यांच्या फ्लोरिडा संघाने अंतिम सामन्यात अँसन डोरन्स यांच्या नॉर्थ कॅरोलायनाला 1-0 असे हरवले. प्रशिक्षकपदाला खालची पायरी मानणारी भाषा आणि हे घसरते प्रमाण यांचा संबंध आहे, असे या सदराचे ठाम मत आहे: ज्या कामाला खेळाडूंसमोर सतत कमी लेखले जाते, ते काम गुणवान खेळाडू पत्करणार नाहीत, आणि रिकामी जागा कोणी तरी भरतेच.

विद्यापीठांच्या या व्यवस्थेची ताकद भारताने जवळून पाहिली आहे. 2022 साली नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालील विश्वचषकात नायजेरियाकडून पेनल्टींवर हरलेला अमेरिकी संघ, ज्याने त्याआधी भुवनेश्वर येथे भारतावर 8-0 अशी मात केली होती, त्या संघातील मुलींच्या मागे आणि पुढे विद्यापीठांच्या मैदानांची ही सारी व्यवस्था उभी होती. भारतातही खेळाडूपणातून प्रशिक्षणाकडे जाण्याची उदाहरणे आहेत. गोव्याच्या मेमोल रॉकी देशासाठी खेळल्या आणि 2017 साली त्यांच्याकडे भारतीय महिला संघाची सूत्रे आली. परंतु किशोरवयीन खेळाडू आणि राष्ट्रीय संघ या दोन टोकांच्या मध्ये, जेथे गबारा यांनी तीन दशके काढली, त्या पातळीवर महाराष्ट्रातील महाविद्यालयांत सामान्यतः शारीरिक शिक्षण संचालकाचे एकच पद असते, कबड्डी, खो-खो, ॲथलेटिक्स आणि बुद्धिबळाचे संघ त्याच एका व्यक्तीला आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी तयार करायचे असतात, आणि निवृत्त आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटूला पूर्ण वेळ नेमता येईल असे मंजूर पद बहुतेक ठिकाणी अस्तित्वातच नसते.